तांबडा ठिपका कोठे गेला? विमानांच्या प्रतिकृती आणि ओळखीचा इतिहास

१९४३ साली ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढणाऱ्या विमानांवरून एक रंग पुसला गेला. तो रंग तांबडा. ब्रिटिश हवाई दलाचे गोल चिन्ह आपण युद्धपटांतून पाहिलेले असते : मध्यभागी तांबडा ठिपका, भोवती पांढरे कडे, त्याबाहेर निळे. भारतातून उडणाऱ्या विमानांवरचा मधला ठिपका मात्र त्या सुमारास नाहीसा झाला आणि पुढे आग्नेय आशियाच्या साऱ्या रणक्षेत्रात तसाच नाहीसा राहिला.

आजचा धागा त्या ठिपक्याविषयी आहे. आणि ऐंशी वर्षांनंतर, वितीत मावणाऱ्या प्लास्टिकच्या विमानावर तो ठिपका रंगवावा की रंगवू नये यावर तासन्‌तास खल करणाऱ्या मंडळींविषयीही.

कारण साधे होते. जपानी विमानांच्या पंखांवर उगवत्या सूर्याचा भरीव तांबडा गोळा असे. ताशी पाचशे किलोमीटरच्या वेगाने समोरून विमान येते तेव्हा डोळ्याला कडी दिसत नाहीत, रंग दिसतो. तांबडे काही दिसले की खालचा तोफची गोळा डागणार, वरचा वैमानिक बंदुकीची कळ दाबणार. आपल्याच माणसाने आपलेच विमान पाडावे, यासारखी लाजिरवाणी हानी नाही. अमेरिकेने आपल्या पांढऱ्या ताऱ्याच्या मध्यावरचा तांबडा ठिपका १९४२ च्या मे महिन्यातच काढून टाकला होता. ब्रिटिशांच्या भारतातील हवाई दलाने वर्षभराने तेच केले. पुढे पांढरा रंगही झाडीच्या पार्श्वभूमीवर फार चमकतो असे वाटले, म्हणून त्यात निळा मिसळून तो फिका निळा करण्यात आला. गडद निळे वर्तुळ आणि आत फिका निळा ठिपका, असे ते नवे चिन्ह. १९४५ च्या सुरुवातीस एवढेही पुरेना, तेव्हा पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे ओढले गेले.

म्हणजे युद्धातले रंग हे शोभेसाठी नव्हते. ते ओळख पटवण्यासाठी होते, किंवा ओळख लपवण्यासाठी.

आता गंमत अशी, की विमानांच्या छोट्या प्रतिकृतींचा हा जो छंद आज जगभर चालतो, त्याला बळ मिळाले तेही याच ओळखीच्या प्रश्नातून.

१९४२ च्या प्रारंभी अमेरिकेच्या नौदलाने शाळांना आवाहन केले : आम्हांला पाच लाख विमाने हवी आहेत, लाकडाची. पन्नास प्रकारची विमाने, प्रत्येकाच्या दहा हजार प्रतिकृती. माध्यमिक शाळांतील मुलामुलींनी सुतारकामाच्या तासाला त्या कोरल्या, घासल्या आणि काळ्या रंगवल्या. काळ्याच का? तर सैनिकाने रंगावर विसंबू नये, आकृती ओळखावी म्हणून. छताला टांगलेली ती काळी विमाने निरनिराळ्या बाजूंनी पाहून, हे आपले आणि हे परके, हे नवशिक्या सैनिकांनी पाठ करायचे. पुढे लाकडाची जागा सेल्युलोज ॲसिटेटने घेतली.

ही विद्या आपल्याकडच्यांना अनोळखी वाटू नये. इंदापूर तालुक्यात भिगवणच्या अलीकडे-पलीकडे उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात जो पक्षिनिरीक्षक उभा असतो, तो रोहित उडताना त्याच्या पिसांचा रंग मोजत बसत नाही. मान पुढे ताणलेली, पाय मागे लांबवलेले, एवढी काळी आकृती उजेडाविरुद्ध दिसली की त्याला पुरते. बारामतीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने घिरट्या घालतात. उसाच्या फडात काम करणारे पोरही पंख खोलीच्या वर आहेत की खाली, एवढ्यावरून विमान वेगळे सांगते.

त्या लाकडी विमानांचे प्रमाण होते १:७२. हा विचित्र आकडा कोठून आला, असे अनेक जण विचारतात. इंग्रजी मापांत एका फुटाचे बारा इंच, सहा फुटांचे बहात्तर. म्हणजे सहा फूट उंचीचा वैमानिक या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. जेम्स हे स्टीव्हन्स या इंग्रज गृहस्थांनी १९३२ मध्ये ‘स्कायबर्ड्‌स’ या नावाने लाकूड आणि धातूचे संच याच प्रमाणात आणले आणि ते प्रमाण रूढ झाले. १९३६ मध्ये ‘फ्रॉग’ या नाममुद्रेखाली प्लास्टिकचे पहिले संच निघाले. त्यांचे नाव ‘पेंग्विन’. फ्रॉगची इतर विमाने उडत असत, ही उडत नसत. न उडणारा पक्षी म्हणून पेंग्विन! नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

हिशेब करून पाहा. स्पिटफायरचा पंखविस्तार सुमारे ११.२३ मीटर. बहात्तराने भागले की साडेपंधरा सेंटिमीटर. हरिकेन थोडे मोठे, सतरा सेंटिमीटरच्या आसपास. आणि आपल्या आग्नेय आशियातले ते छोटे निळे वर्तुळ साधारण सोळा इंची असे. प्रतिकृतीवर ते उतरते साडेपाच मिलिमीटरचे. शर्टाच्या बटणाच्या निम्मे. एवढ्याशा वर्तुळात इतिहास चुकू शकतो.

युद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये ‘एअरफिक्स’ने १९५३ मध्ये स्पिटफायरचा संच वूलवर्थच्या दुकानांतून स्वस्तात विकायला आणला, आणि विमान जोडणे हा घराघरातल्या मुलांचा उद्योग झाला. त्या पिढीतली मुले डबीतल्या रंगाने आणि ब्रशाने रंगवीत. ब्रशाचे ओरखडे दिसत. सतरा सेंटिमीटरच्या विमानावर केसाएवढा ओरखडा म्हणजे खऱ्या विमानावर बहात्तरपट रुंद खाच! त्यावरचा उपाय म्हणजे एअरब्रश.

एअरब्रशचा जन्म विमानांसाठी झालेला नाही. तेव्हा विमानेच नव्हती. अमेरिकेतील आयोवा राज्यात ॲबनर पीलर नावाच्या संशोधकाने १८७० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे पहिले ओबडधोबड रूप बनवले. लिबर्टी वॉकअप यांनी ते हक्क विकत घेऊन त्यात सुधारणा केली. १८९३ मध्ये चार्ल्स बर्डिक यांनी आजच्या उपकरणाच्या जवळचे रूप सिद्ध केले आणि पुढे लंडनला जाऊन ‘एरोग्राफ’ कंपनी काढली. सुरुवातीचे गिऱ्हाईक होते छायाचित्रकार. फोटोतला चेहरा उजळ करणे, मागची गर्दी पुसून टाकणे, मृताच्या तसबिरीला रंग देणे, ही त्याची कामे. म्हणजे जे साधन इतिहासाचा पुरावा ‘सुधारण्यासाठी’ निघाले, तेच आज आम्ही पुराव्याबरहुकूम रंगवण्यासाठी हाती धरतो.

महाराष्ट्रात हे साधन पाहायचे तर पेणला जावे. गणपतीच्या कारखान्यांत अंगकांती फवाऱ्याने मारतात, एका छटेतून दुसरी छटा कोठे सुरू झाली ते कळत नाही. डोळ्यांची आखणी मात्र हाताने, ब्रशाने, आणि ती करणारा हात वेगळा. विमानाचेही तसेच. अंगावरची झिलई फवाऱ्याने, वैमानिकाच्या चष्म्याची कड तीन केसांच्या ब्रशाने.

बारामती-इंदापूर भागात आम्ही चार-पाच जण सुटीच्या दिवशी एकत्र जमून हा उद्योग करतो, म्हणून येथल्या हवेविषयी दोन शब्द. पुस्तके आणि चित्रफिती थंड देशांतल्या. त्यातले आकडे जसेच्या तसे येथे चालत नाहीत. दुधाइतका पातळ रंग, वीस पौंडांच्या आसपास दाब, चार-पाच इंचांवरून फवारा, असे सांगतात. हा आमचा पर्जन्यछायेचा प्रदेश. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात रंगाचा थेंब विमानापर्यंत पोचण्याआधीच वाळतो आणि पृष्ठभाग हाताला पिठासारखा खरखरीत लागतो. मग थिनरबरोबर वाळण्याचा वेग कमी करणारे द्रव्य घालायचे, दाब उतरवायचा, फवारा जवळ आणायचा आणि काम सकाळी आठच्या आत उरकायचे. पावसाळ्यात उलटे. हवेत दमटपणा आला की लॅकरवर पांढरी साय धरते. त्या दिवसांत आम्ही रंग बाजूला ठेवतो, सांधे घासतो, आणि वाद घालतो.

वाद बहुतेक वेळा रंगांचाच असतो.

भारतीय हवाई दलाच्या आठव्या स्क्वाड्रनला १९४४ मध्ये स्पिटफायर मिळाली. ही विमाने हाती घेणारी ती पहिली भारतीय स्क्वाड्रन. मार्क आठ हा तो प्रकार. आता याचा वरचा छलावरणाचा रंग कोणता? गडद हिरवा सगळ्यांना मान्य. दुसरा रंग मातकट तपकिरी की सागरी करडा, येथे घोडे अडते. ब्रिटनमधल्या कारखान्यातून एका रंगात निघालेले विमान भारतात येऊन दुसऱ्या रंगात जाऊ शकते. आणि कागदावरचा हुकूम प्रत्येक तळावर लगेच अमलात आला असेल असे समजणे भाबडेपणाचे आहे.

“फोटो पाहा की!” असे नवखा मनुष्य म्हणतो. फोटो कृष्णधवल. त्यात तपकिरी आणि करडा हे दोन्ही रंग जवळजवळ एकाच राखाडी छटेत उतरतात. त्यातून त्या काळच्या काही फिल्मा तांबड्या रंगाला आंधळ्या होत्या. ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात त्यांना. अशा फिल्मवर तांबडा आणि पिवळा काळपट येतात, निळा फिका येतो. एकच वर्तुळ दोन फिल्मांवर दोन तऱ्हेचे दिसते. मध्ये काळा ठिपका दिसला म्हणून तो तांबडा होता असे ठरवण्याआधी फिल्म कोणती, हे विचारावे लागते. बखरीच्या लेखकाचा पक्ष कोणता होता हे जसे आपण आधी विचारतो, अगदी तसे.

इतिहासाचा नाद असलेल्या तरुणांना मी हा छंद आवर्जून सुचवतो तो यासाठी. लेख लिहिताना ‘बहुधा’, ‘साधारणतः’ असे शब्द घालून निसटता येते. विमान रंगवताना ‘बहुधा तपकिरी’ असा रंग बाटलीत मिळत नाही. एक रंग उचलावाच लागतो आणि मित्रांसमोर त्याचे समर्थन करावे लागते. अमुक वर्षी, अमुक तळावर, अमुक क्रमांकाचे विमान. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच डिकॅल चिकटवायचे. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात वापिटी, हरिकेन, स्पिटफायर, टेंपेस्ट ही विमाने प्रत्यक्ष पाहता येतात. जरूर पाहावीत, पण आकारासाठी आणि तपशिलासाठी. जगातल्या कोणत्याही संग्रहालयातले विमान पुन्हा रंगवलेले असण्याचा संभव असतो, त्यामुळे रंगाचा शेवटचा शब्द तेथे मिळेलच असे नाही.

आता मराठी वाचकाला विशेष जवळची अशी एक गोष्ट. स्पिटफायरच्या संचांची डिकॅले चाळताना एक नाव पुढे येते : १२४ (बडोदा) स्क्वाड्रन.

बडोदा म्हणजे आपल्या गायकवाडांचे. सयाजीराव महाराज १९३९ च्या फेब्रुवारीत निवर्तले, प्रतापसिंहराव गादीवर आले, आणि त्याच वर्षी युद्ध पेटले. १९४० मध्ये ब्रिटनचे विमाननिर्मिती मंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्या खात्याने निधीची कल्पना चालवली : पाच हजार पौंड द्या, एक स्पिटफायर तुमच्या नावाने उडेल. खरा खर्च याहून जास्त होता, पण आकडा लक्षात राहण्याजोगा होता. गावांनी, कारखान्यांनी, वसाहतींनी, संस्थानिकांनी पैसे दिले. देणगीच्या विमानावर कॉकपिटच्या पुढे बहुधा पिवळ्या अक्षरांत देणाऱ्याचे नाव लिहीत. मोठी देणगी देणाऱ्या प्रांतांची आणि संस्थानांची नावे संपूर्ण स्क्वाड्रनलाच मिळाली. १२२ (मुंबई), १३२ (मुंबई शहर), १५२ (हैदराबाद), १२९ (म्हैसूर), आणि १२४ (बडोदा).

बडोद्याची ही स्क्वाड्रन १९४१ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला कॅसलटाउन येथे पुन्हा उभी राहिली. तिच्या बोधचिन्हावर चक्क मुंगूस आहे! फार उंचावरून येणाऱ्या जर्मन विमानांना गाठण्यासाठी दाबबंद कॉकपिटची जी खास स्पिटफायर बनली, त्या सहाव्या आणि सातव्या मार्कची विमाने तिच्याकडे होती. अशा उंचीवरच्या विमानांना हिरवा-तपकिरी रंग काय कामाचा? तेथे झाडे नाहीत, माती नाही. म्हणून वर करडा आणि खाली गडद निळसर, एवढीच साधी योजना. एअरब्रश नुकता हाती घेतलेल्याने याच विमानापासून आरंभ करावा, असे माझे मत. छलावरणाची नागमोडी सीमारेषा नाही, मास्किंग टेपची कटकट थोडी, आणि नाव बडोद्याचे.

पण नाव रंगवून झाल्यावर विचार करावा. या स्क्वाड्रनमधून उडणारे वैमानिक मुख्यतः ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींमधले होते, बडोद्याचे नव्हते. पैसा बडोद्याचा होता, आणि संस्थानाचा पैसा म्हणजे अखेर रयतेने भरलेला सारा. त्याच काळात इंफाळच्या वेढ्यात, १९४४ मध्ये, अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेन विमानांतून लढत होती. तेथे वैमानिक भारतीय होते आणि विमानावर भारताची अशी खूण एकही नव्हती. तेच ब्रिटिश वर्तुळ, फक्त तांबडा ठिपका वगळलेले. संचाच्या खोक्यावर मात्र दोन्ही विमाने बहुधा एकाच देशाच्या नावाखाली जातात.

आणि त्याच वर्षांत, आमच्या बारामतीच्या दक्षिणेला नीरा ओलांडली की पलीकडच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले होते. ब्रिटिश सत्ता उखडून टाकण्यासाठी लोक जिवावर उदार झाले होते. तेव्हा हरिकेनमधला भारतीय वैमानिक कोणाचा, असा प्रश्न तरुण वाचक विचारतात. मला या प्रश्नाचे झटपट उत्तर देणारे लोक आवडत नाहीत. जपानी सैन्य इंफाळपर्यंत आले होते हेही खरे आणि राज्य परक्यांचे होते हेही खरे. तीन वर्षांनी स्वतंत्र देशाला जे प्रशिक्षित हवाई दल लागले, ते याच वैमानिकांमधून उभे राहिले.

मुंबई शहराच्या नावाची १३२ क्रमांकाची स्क्वाड्रन तर आमच्या छंदातला सुंदर नमुना आहे. आधी ती युरोपच्या आघाडीवर, तांबड्या ठिपक्यासह. १९४५ च्या आरंभी ती श्रीलंकेत आली आणि तांबडा ठिपका गेला. त्याच वर्षी युद्ध संपल्यावर हाँगकाँगला पोचली. एकाच स्क्वाड्रनची दोन विमाने शेजारी ठेवली तर न सांगता अर्धे जग फिरून होते.

मग स्वातंत्र्य. २७ ऑक्टोबर १९४७ ला डाकोटा विमाने सैनिक घेऊन श्रीनगरला उतरली. स्पिटफायर आणि टेंपेस्ट लढाईत आली. पुढे १९७६ ते १९७८ या काळात हवाई दलप्रमुख झालेले आपले हृषीकेश मुळगावकर यांना महावीर चक्र मिळाले ते याच काश्मीरच्या लढाईतील कामगिरीबद्दल. या विमानांवर कोणते चिन्ह? येथे आमच्या गटातला सर्वांत लांबलेला वाद. दलाच्या नावात ‘रॉयल’ शब्द १९४५ मध्ये लागला आणि २६ जानेवारी १९५० ला गेला. मधल्या काळात देश स्वतंत्र, पण प्रजासत्ताक व्हायचा होता. त्या संधिकाळात विमानांवर निळे अशोकचक्र आले. १९५० पासून आजचे केशरी, पांढरे आणि हिरवे वर्तुळ. केशरी बाहेर, हिरवा आत. नवखे हमखास उलटे लावतात.

लढाई चालू असताना सगळी विमाने एका रात्रीत रंगवून होत नाहीत. जुने वर्तुळ, नवे चक्र आणि शेपटीवरचा तिरंगी पट्टा यांच्या निरनिराळ्या जोड्या संभवतात. म्हणून ‘काश्मीरचे टेंपेस्ट’ असे मोघम विमान करता येत नाही. क्रमांक आणि महिना ठरवावा लागतो.

ते चक्र करणे हे स्वतंत्रच कसब. चोवीस आरे, आणि ते काही मिलिमीटरांत. हाताने रंगवणे अशक्य, मास्क कापणेही अशक्यप्राय. छापील डिकॅलच हवे. त्याखालचा पृष्ठभाग चकचकीत नसेल तर पारदर्शक कागदाखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. म्हणून आधी पांढरे वर्तुळ दोन पातळ थरांत फवारायचे, एक दिवस वाळू द्यायचे, त्यावर चमकदार वार्निश, मग चक्र, त्यावर डिकॅल मऊ करणारे द्रव, आणि सगळ्यांत शेवटी चमक मारणारे मॅट वार्निश. आमच्यापैकी इंदापूरच्या मित्राचे टेंपेस्ट सध्या पांढऱ्या वर्तुळापर्यंत आले आहे. पुढचे काम एका छायाचित्रावर अडले आहे : शेपटीवरचा क्रमांक वाचता येतो, पंखावरचे चिन्ह सावलीत आहे.